विहिरीत राहिलेला योसेफ

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांत शांतवनच्या घरून रोज दिवेलागणीला चिपळ्या ऐकू यायच्या. दिवसभर रूळ तपासत हिंडणारा हा माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन उभा राही आणि बायको करुणा, मुलगी प्रियांका नि धाकटा शमू यांना बायबलातली गोष्ट कीर्तनात सांगे. घरातली उपासना ती हीच. गोष्ट ऐन अडचणीच्या जागी सोडायची, ही त्याच्या बापाची रीत. पुढचं ऐकायच्या ओढीनं लेकरं दुसऱ्या दिवशी न बोलावता चटईवर येतात, असं बाप म्हणायचा. आणि यायचीच.

एका संध्याकाळी गोष्टीत योसेफाच्या भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, आणि शांतवननं चिपळ्या खाली ठेवल्या.

"पप्पा, काढा की त्याला वर," शमू रुसला. "अंधार हाय तिथं."

"उद्या काढू."

दुसऱ्या दिवशी शमूला ताप भरला. परभणीच्या दवाखान्यात सलाइन लावलेल्या हातानं बापाचा अंगठा धरून त्यानं पुन्हा तेच विचारलं. "बरा हो, घरी चल, मग सांगतो," शांतवन म्हणाला. गोष्टीच्या ओढीनं तरी लेकरू उठून बसेल, असं त्याला वाटलं होतं.

लेकरू उठलं नाही.

माती दिल्यानंतर करुणानं पुन्हा चटई अंथरली. प्रियांका मात्र दारातच उभी राहिली.

"बस गं बाई. पप्पा थांबलेत."

"शमूला का नाही सांगितली पुढची? त्याला वाटलं असंल, योसेफ अजून तिथंच हाय."

करुणा पदरात तोंड घालून आत गेली. त्यानंतर प्रियांका उपासनेच्या वेळेला शेजारी जाऊन बसू लागली. रुळांवरून चालताना शांतवनला एकच भ्या वाटे: एक लेकरू मातीत गेलं, दुसरं देवापासून उठून चाललंय, नि दोन्ही आपल्याच हातानं.

शेवटी एका संध्याकाळी त्यानं तिला दारातच अडवलं. "काय केलं म्हणजे बसशील?"

"अर्धी सोडायची नाही. आज सगळी सांगायची."

"सगळी सांगतो."

ती बसली. एरवी ती वाजवायची ते टाळ पुढ्यात होते, तिनं हात लावला नाही. शांतवननं धृपद धरलं:

*विहीर खोल, देवा, विहीर खोल,*
*वरून कुणी तरी नाव घेऊन बोल.*

त्यानं योसेफाला वर काढलं, मिसर देशात विकलं, तुरुंगात टाकलं, धान्याच्या कोठारांवर कारभारी केलं. भाऊ दाण्यासाठी दारात आले, रडले, गळ्यात पडले. आवाज चांगला लागला होता. करुणा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसली. मग त्याच्या म्हाताऱ्या बापाला, याकोबाला, निरोप आला, की तुझा पोरगा जिवंत आहे, आणि शांतवनच्या ध्यानात आलं की आपण कुठं येऊन पोचलोय. ही गोष्ट बापाला त्याचं लेकरू परत देऊन संपते.

चिपळ्या थांबल्या. इथंच सोडावं, उद्या सांगू म्हणावं, एवढंच ओठांवर आलं. प्रियांका त्याच्याकडं बघत होती.

त्याला गाता येईना. मग त्यानं नुसतं सांगितलं, शब्दाला शब्द लावत. "याकोब गाडीत बसून गेला. योसेफ समोर आला. बापानं त्याला पोटाशी धरलं. संपली."

"आपला शमू?"

"तो बी भेटंल. देवाच्या घरी." त्यानं तोंडावरून रुमाल फिरवला. "मी तेवढं धरून हाय, बाई. दिसत मातर काईच न्हाई."

करुणानं प्रार्थना केली; आमेन नवराबायकोचंच झालं.

दुसऱ्या संध्याकाळी चटई अंथरली तेव्हा प्रियांका आपणहून येऊन बसली. शमूची जागा तिनं मोकळी ठेवली. टाळ तसेच पडून होते.

"आज कुठली?" तिनं विचारलं.

शांतवननं चिपळ्या उचलल्या. एक छोटीशी गोष्ट निवडली, आणि शेवटापर्यंत सांगितली.