चारही पाहुणेच

शरच्चंद्रांनी तोंडातला घास गिळलाच नाही, ताटाच्या कडेला काढून ठेवला. बाहेरच्या खोलीत सुनेने कीबोर्डवर पुन्हा त्याच चार पट्ट्या एकदम दाबल्या होत्या. सकाळपासूनची ही पन्नासावी खेप असेल. नासलेल्या दुधाचा वास यावा तसं काहीतरी त्या आवाजात होतं.

“सिरियलीत सासू दारात उभी राह्यली की असंच वाजवतात,” त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई वरण वाढता वाढता म्हणाल्या.

“तुले हासू येते. मले शिसारी येऊन राह्यली.”

मलकापुरातल्या भजनी मंडळात त्यांनी चाळीस वर्षं पेटी वाजवली होती. सुरांनी कसं एकामागून एक यावं, आपल्या जागी बसावं. चौघांना एकदम दारात ढकलायचं, हा काय गावंढळपणा! आणि हे शिकून सून हिमानी इंग्रजी शाळेत संगीताची बाई होणार होती. दुपारी तीनला फोनवर मुलाखत होती. भजनं येतात पण कॉर्ड, म्हणजे हे एकदम दाबायचे सूर, येत नाहीत, म्हणून दोन शाळांनी तिला आधीच परत पाठवलं होतं. या वेळीही हुकलं तर पुन्हा अर्ज करणार नाही, असं तिनं घरात सांगून टाकलं होतं.

हात धुऊन ते बाहेर आले.

“याच्यात सा कोणता, पोरी?”

“ठरलेला नसतो, बाबा. दोन पट्ट्या सोडायच्या, तिसरी दाबायची. कुठूनही सुरू करा, अंतर तेवढंच. चारांतला कोणीही सा होऊ शकतो.”

“म्हंजे चारही पाहुणेच. घरचं कोणीच नाही.” त्यांनी नाक मुरडलं. “थू!”

तीनला दहा मिनिटं असताना लाइन गेली. कीबोर्ड मुका झाला. हिमानीने उठून देवघराजवळची पेटी उचलून आणली.

“माझे दोन्ही हात पट्ट्यांवर लागतील, बाबा. भाता तुम्ही...”

मेलेला उंदीर उचलायला सांगितल्यासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पण पायजमा सावरून पेटीमागे बसले.

फोनवरच्या सरांनी पेटी चालेल म्हटलं. दोन-तीन साधे प्रश्न झाले.

“आता डिमिनिश्ड सेव्हन्थ वाजवा. धरून ठेवा.”

हिमानीने त्याच चार पट्ट्या दाबल्या. ज्या पेटीवर सकाळी अभंग वाजला होता, तीच आता ओरडू लागली. शरच्चंद्रांना उठून जावंसं वाटलं. पण भाता सोडला तर आवाज बंद, आणि पोरीची नोकरीही गेली. ते भाता मारत राहिले. ही घाण आपणच पोसतोय, याची त्यांना अधिकच किळस आली.

“छान. आता हा कॉर्ड कुठं नेऊन शांत कराल?”

हिमानीची बोटं अडकली. पाठ केलेलं सगळं विसरली. पेटी ओरडतच होती.

“अवं, सोड न तिले!” शरच्चंद्र खेकसले. “सात नंबरची पांढरी पट्टी वरच्या पांढऱ्या एकावर जाऊ पाह्यते, दिसत नाही काय तुले?”

तिचं बोट सरकलं. त्यामागून बाकीची सरकली. खोली निवली.

“कोण बोललं?” सरांनी विचारलं.

“सासरे. भाता मारताहेत.”

“काका, तुम्ही हे शिकलाय?”

“शिकाले काय लागते? शिसारी आली की कळते, कुठं पळायचं ते.”

पलीकडे कोणी हसलं नाही. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

“मॅडम, हा कॉर्ड मुलांना कसा समजावाल?”

हिमानीने सासऱ्यांकडे पाहिलं. “बाबांनी सांगितला तसाच.”

“बरं. आता सी शार्पपासून वाजवा.”

शरच्चंद्रांना ते नाव कळलं नाही. सुनेचं बोट एक नंबरच्या काळ्या पट्टीकडे जाताना तेवढं दिसलं. त्यांनी तोंड फिरवलं, नाक आक्रसलं, आणि तिनं पट्ट्या दाबायच्या आधीच भाता भरून ठेवला.