लसीनंतरचा अर्धा तास

“सही न्हाई करनार मी.” बनाबाईनं कागद सिस्टरच्या टेबलावर परत सरकवला. “पोरगी वांझ झाली तं कोन बायको करंल तिला?”

सेनगावजवळच्या त्या आरोग्य केंद्रात चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देणं चालू होतं. बनाबाईची रागिणी आईमागं बाही वर करून उभी होती.

“वांझ होते म्हणून कोनी सांगितलं?” सिस्टर अंजलीनं विचारलं.

“सांगायला कशाला पाह्यजे? गाभण शेळीला टोचलं अन् तिसऱ्या रोजी गाभडली.”

बनाबाईचं सगळं शहाणपण शेळ्यांकडून आलेलं. माणसांनी तिला फसवलं होतं, शेळ्यांनी कधी नाही.

“गाभणपणी धरपकड झाली की व्हतं तसं कधीमधी. रागिणी काय गाभण हाये? अन् ती शेळी पुन्हा व्याली का न्हाई?”

“व्याली,” बनाबाई नाइलाजानं म्हणाली. “दोन करडं.”

“मग! जगभर कोट्यवधी पोरींनी घेतली ही लस. हात दुखंल, जरा ताप यील. पण हा रोग दरसाली लाखो बायांना नेतो, मावशी. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जातं, अन् बाई लपवत बसते.”

बनाबाईची स्वतःची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि शिमग्यापासून ती रोज पहाटे कापड धुऊन शेळ्यांच्या गोठ्यामागं वाळत घालत होती. तिनं कागद ओढून सही केली.

सुई टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसायचं होतं. बनाबाई घडीघडी रागिणीचा कान चिमटीत धरून पाहायची. शेळी आजारी पडली की आधी कान गार पडतो. रागिणीचा कान ऊनच होता.

अर्धा तास संपला. बनाबाई टेबलाशी गेली आणि तिनं स्वतःचाच दंड उघडा केला.

“मला बी टोच, बाई.”

“ही पोरींसाठी हाये, मावशी. तुमाला काहून...” अंजली थांबली. तिनं आवाज खाली आणला. “कवापासून?”

“शिमगा.”

“आता सुई न्हाई, तपासणी. आजच. आत चला. दरवेळी तेच निघतं असं न्हाई.”

बनाबाई टेबलाची कड धरून तिथंच उभी राहिली. इतकी ती जन्मात कधी भ्याली नव्हती.

रागिणीनं सगळं ऐकलं होतं. तिनं पुढं होऊन आईचा कान चिमटीत धरला. तो गार पडला होता.

“ऊन हाये, माय,” ती म्हणाली आणि आईला दारापर्यंत घेऊन गेली.