फळ्यावरचा बारा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. 'चकती' म्हणते खरी, पण एवढाही मान मला शोभतो की नाही, याची मला खात्री नाही. माझा पुढचा भाग म्हणजे दुधाच्या गॅलनभर कॅनचे लाल झाकण. मागचा भाग म्हणजे दातांच्या एका डॉक्टरांनी जाहिरातीसाठी वाटलेल्या फ्रीज मॅग्नेटचा कापलेला तुकडा. दोन्ही एकमेकांना चिकटवून वर नेलपॉलिशने १२ हा आकडा काढला, तेव्हा माझा जन्म झाला. अशा वस्तूने आत्मवृत्त सांगावे का, असे मलाही वाटते. पण मी फुटबॉलचे आठ हंगाम अगदी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांतला शेवटचा सामना आठवला की मला गप्प बसवत नाही.

ही गोष्ट २००१ सालची. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये संग्राम आणि शरयू राहायला आले होते. संग्राम कोल्हापूरचा. कोल्हापूरचा माणूस जगात कुठेही गेला तरी आधी फुटबॉलचे मैदान शोधतो. संग्राम आठवडाभर कॉम्प्युटर कंपनीत काम करी आणि शनिवार-रविवारी पाइनवुड रोव्हर्स या छोट्या व्यावसायिक क्लबचे सामान सांभाळायला आनंदाने जाई. क्लबच्या प्रशिक्षकांना, कोच प्रुइटना, फळ्यावर संघ मांडून दाखवायला वीस चकत्या हव्या होत्या. ते काम संग्रामने अंगावर घेतले आणि घरी येऊन शरयूच्या अंगावर टाकले.

"वीस झाकणं? संग्राम, वीस गॅलन दूध पिणार कोण?" शरयूने विचारले.

"बासुंदी कर की."

"मी पुण्याची आहे. मला माणसं मोजून बासुंदी करायची सवय आहे."

शेवटी तिने शेजारच्या चार देसी घरांतून झाकणे गोळा केली. व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नव्हती. रिकाम्या बसलेल्या त्या हातांनी आम्हाला इतक्या निगुतीने घडवले की आमच्यातला एकही आकडा वाकडा आला नाही.

आमचा फळा लोखंडी होता, पांढरा, वर हिरव्या रेघांचे मैदान आखलेला. खाली आमचा गोल, वर समोरच्या संघाचा. आमच्या क्लबात एक रिवाज होता. फळ्यावरच्या चकतीला फक्त कोच हात लावत. तुम्ही कितीही मोठे खेळाडू असा, तुमची चकती जिथे लागली असेल तिथे जाऊन खेळायचे. त्यावर बोलायचे नाही.

त्याच वसंतात योखेन लोडमान आला. वय सत्तावीस, उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावचा, उंच आणि अबोल. त्याच्या पाठीवर बारा नंबर होता, म्हणून मी त्याची चकती झाले. कोचनी त्याला पहिल्याच दिवशी विचारले, "तुझी जागा कोणती?"

"मैदानाचा मध्य," योखेन म्हणाला. मग सभ्यपणाने त्याने पुढे जोडले, "पण गरज असेल तिथे खेळेन."

त्या दुसऱ्या वाक्याने घात केला. कोचनी तेवढेच लक्षात ठेवले.

पहिल्या सामन्यात उजवा बचावपटू आजारी होता, म्हणून मी उजवीकडे लागले. पुढच्या सामन्यात डावीकडे. पुढच्या महिन्यात थेट सर्वांत पुढे, आणि योखेनने त्या दिवशी दोन गोल केले. काय दिवस होते ते! शनिवार उजाडला की मला धडधड सुरू होई. आज मी कुठे? २००३ मध्ये तर आमच्या गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाले, बदली खेळाडू संपलेले, आणि कोचनी मला उचलून गोलात लावले. योखेनने ढगळ हातमोजे चढवले आणि समोरून आलेली पेनल्टी डावीकडे झेप घेऊन अडवली. स्थानिक वर्तमानपत्राने लिहिले, एका तिकिटात अकरा खेळाडू पाहायचे असतील तर पाइनवुडला जा. मला तर स्वतःचेच कौतुक वाटले होते. आता त्याची थोडी लाज वाटते.

कधी कधी योखेन संग्रामच्या घरी जेवायला येई. पांढरा रस्सा त्याला फार आवडे. एकदा फळा स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेला होता, म्हणून त्यांचे बोलणे मी ऐकले.

"योखेनराव, तुमचा नाद नाही करायचा," संग्राम म्हणाला. "कुठंबी टाका, चालतंय."

"तुला खरंच कुठेही खेळायला आवडतं?" शरयूने विचारले.

योखेनने वाटी खाली ठेवली. "नाही. मला मध्यात खेळायचंय. तिथून सगळं मैदान दिसतं. बाकीच्या जागी मी भोक बुजवतो. मध्यात मी खेळतो."

"मग कोचना सांग ना."

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"भावा, परत सांग," संग्राम म्हणाला. "तोंड कशाला दिलंय?"

योखेनने वाटी पुढे केली आणि आणखी रस्सा मागितला. तेवढ्यावर विषय संपला. पण मला त्या दिवशी कळले, मित्रांनो, की हा माणूस आठ ठिकाणी टाळ्या घेतो आणि त्याचे मन नवव्या ठिकाणी असते. वर्षांमागून वर्षे जात होती. क्लब दर वर्षी त्याच्याशी फक्त एका वर्षाचा करार करी, आणि दर वर्षी तो मध्यात लागण्याची वाट पाही.

२००५ मध्ये ती वेळ आली. उपांत्य सामना होता. कोचनी मला उचलले आणि मैदानाच्या बरोबर मध्यात लावले. मध्यात! मी इतकी आनंदले की काही विचारू नका. योखेन अजून शेजारच्या खोलीत पायाला पट्टी बांधून घेत होता. कोच पंचांना भेटायला बाहेर गेले.

आणि मी घसरले.

माझे चुंबक मुळातच पातळ. चार वर्षे मला सगळ्यांपेक्षा जास्त उचलले होते, लावले होते, पुन्हा उचलले होते. मागचे चुंबक झिजून एका कडेने सुटले होते. मी जिवाच्या आकांताने फळा धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण केसाकेसाने खाली सरकत गेले आणि आमच्या दोन बचावपटूंच्या मधोमध येऊन थांबले. तेवढ्यात योखेन आत आला. त्याने मला पाहिले. क्षणभर तो उभा राहिला, मग नेहमीसारखी मान डोलावली आणि मैदानात गेला. जाऊन बचावपटूंच्या मध्ये उभा राहिला.

मैदानाचा मध्य ओस पडला. कोच ओरडले, पण प्रेक्षकांच्या गोंगाटात काही ऐकू गेले नाही. मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन गोल झाले होते. खोलीत आल्यावर कोचनी रागाने हाताच्या एकाच फटक्यात आम्हा सगळ्यांना फळ्यावरून खाली पाडले. योखेनला एवढेच म्हणाले, "तू बस." योखेन बसला. खोली रिकामी होताच, चकत्या गोळा करणाऱ्या संग्रामजवळ कोच पुटपुटले, "मध्यात ठेवला तर घाबरून मागे लपला. पुन्हा नाही." संग्रामला वाईट वाटले, पण कोचपुढे बोलायचे धाडस त्याला झाले नाही.

खरे काय घडले ते फक्त मला ठाऊक होते. तीन वर्षे ते मी पाठीवर वाहिले. त्या तीन वर्षांत योखेन उजवीकडे खेळला, डावीकडे खेळला, पुढे खेळला. कधी कधी मी थोडी घसरत असे, पण तिथे बोटभर फरकाने कुणाचे काही अडत नसे. मध्यात मी पुन्हा कधी लागले नाही. कोचना वाटे, तो भित्रा आहे. योखेनला वाटे, आपला खेळ कोचना आवडला नाही. दोघे रोज भेटत, आणि दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला विचारले नाही.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो. योखेन आता चौतीस वर्षांचा होता. हा आपला शेवटचा सामना, नंतर गावी परत जाणार, असे त्याने सांगून टाकले होते. सामन्याच्या आठवड्यात संग्रामने फळा आणि चकत्या पुसायला घरी आणल्या. शरयूने मला सहज उचलले आणि फ्रीजवर वाणसामानाची यादी माझ्याखाली अडकवली. थोड्या वेळाने यादी जमिनीवर होती आणि मी फ्रीजच्या अगदी खालच्या कडेला.

"हा बारा नंबर टिकत नाही रे," ती म्हणाली. "बघ, खाली येतो."

"वय झालंय त्याचं. योखेनरावांसारखं," संग्राम हसला. मग हसता हसता थांबला. त्याने मला वर लावले आणि समोर स्टूल ओढून बसला. मी सरळ खाली घसरत आले. त्याने पुन्हा लावले. मी पुन्हा आले. मित्रांनो, मी तशी कमनशिबी, पण त्या दिवशी मी मनापासून घसरले.

"शरयू," तो म्हणाला, "त्या उपांत्य सामन्यात योखेनराव मागं लपले नव्हते गं. ही चकती मागं गेली होती."

"मग जा ना. सांग कोचना."

"ते माझ्यावरच चिडतील. सामान मी सांभाळतो."

"चिडू देत. त्याचा शनिवारी शेवटचा सामना आहे."

दुसऱ्या दिवशी संग्रामने कोचच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर मला लावले आणि नुसते म्हणाला, "बघा." कोचनी तीनदा पाहिले. मग योखेनला बोलावून त्यालाही दाखवले.

"मी तुला मध्यात लावलं होतं," कोच म्हणाले. "तू मागे का गेलास, हे मला विचारलं का नाहीस?"

"चार वर्षांत तुम्ही मला आठ ठिकाणी लावलंत, कोच. दर वेळी विचारत बसलो असतो तर खेळलो कधी असतो?" योखेन म्हणाला. मग त्याने विचारले, "आणि मला बाहेर का बसवलं, ते तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

कोचनी टोपी काढली, डोके खाजवले आणि टोपी पुन्हा घातली. त्यांना क्षमा मागता येत नव्हती, हे मला दिसत होते. शरयूने त्याच संध्याकाळी माझे जुने चुंबक खरवडून काढले आणि नवे, जाड बसवले. "आता हलून दाखव," ती मला म्हणाली.

शनिवारी दुपारी आमच्याच मैदानावर सात हजार माणसे जमली. खोलीत कोच एकेक चकती लावत गेले. दहा लागल्या. मी त्यांच्या हातात राहिले. मग आजवर कधी घडले नव्हते ते घडले. कोच योखेनपुढे गेले आणि मला त्याच्या तळहातावर ठेवले. "तूच लाव," ते म्हणाले.

योखेन मला हातात धरून फळ्यासमोर उभा राहिला. किती वेळ तो उभा होता, सांगता येत नाही. त्याच्या मागे कुणीतरी खोकले. मग त्याने मला मध्यात लावले आणि अंगठ्याने दाबले.

फळा घेऊन संग्राम मैदानाच्या कडेला बसला, म्हणून मला सगळे दिसले. काय खेळला योखेन! चेंडू त्याच्या पायाशी येई आणि जणू विचारी, आता कुठे जाऊ? त्याने आमचा पहिला गोल घडवला. समोरच्यांनी बरोबरी साधली. एक-एक. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला आमच्या डाव्या बचावपटूचा घोटा मुरगळला. तिन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते. दहाच जण उरले, डावी बाजू उघडी पडली. आणि मला दिसले की योखेन, कुणी काही न सांगता, सवयीने डावीकडे धावायला लागला आहे.

"योखेन!" कोचचा आवाज फाटला. "तिथेच थांब. ती तुझी जागा आहे."

तो थांबला. त्याने वळून पाहिले. कोचनी पुढच्या एका खेळाडूला हाताने खूण करून डाव्या बचावाला पाठवले. योखेन हळूहळू चालत मध्यात परत आला.

एकोणनव्वदावे मिनिट. समोरच्यांचा पास मधूनच आला, योखेनने तो छातीवर घेतला, मान वर केली आणि दोन बचावपटूंच्या मधल्या वीतभर फटीतून चेंडू पुढे सरकवला. आमचा एकटा उरलेला आघाडीवीर त्यावर पोहोचला. जाळे हलले. संग्राम फळा टाकून उठला आणि मी गवतात तोंडावर आपटले, त्यामुळे शेवटची चार मिनिटे मी फक्त ऐकली. पण ती शिट्टी मला ऐकू आली.

आता डिसेंबर आहे. योखेन त्याच्या गावी गेला. क्लबने नव्या, विकतच्या चकत्या आणल्या. मी शरयूच्या फ्रीजवर असते, खाली तिची यादी असते. आज तिच्यात मेथी आणि दही आहे.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. पण एक विनंती आहे. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जो गाडीत न कुरकुरता नेहमी मधल्या सीटवर बसतो, पाहुणे आले की स्वतःची खोली देतो, आणि 'मला काहीही चालेल' म्हणतो. त्याच्या हातून बरीच कामे होतात, म्हणून आपण त्याला उचलतो, लावतो, पुन्हा उचलतो. त्याला कधीतरी विचारा, तुला कुठे बसायचे आहे? आणि विचारल्यावर लगेच निघून जाऊ नका. इतक्या वर्षांत कुणी विचारलेले नसते, म्हणून उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ थांबा.