तुझ्या आवाजाचा माणूस

दारावर टकटक झाली की शिंप्याचा आधी पाय थांबायचा, मग श्वास.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पायमशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे आणि मधे एका माणसाला उभं राहता येईल एवढीच जागा. दुकान गेल्यापासून शिंपी इथेच शिवायचा. त्याने मोठ्या हौसेने भरतकामाचं यंत्र हप्त्यांवर घेतलं होतं, त्यासाठी गाळाही मोठा घेतला आणि गिऱ्हाइकं मात्र होती तेवढीच राहिली. मग यंत्र विकलं, गाळा सोडला. कर्ज तेवढं त्याच्याबरोबर तीन जिने चढून घरी आलं.

कर्जामागोमाग वसुलीचा माणूसही आला. आभाळ असो नसो, त्याच्या हातात छत्री असायची आणि तिच्या मुठीने तो दार वाजवायचा, म्हणून घरात त्याचं नाव पडलं छत्रीवाला. तो पहिल्यांदा आला तेव्हा शिंप्याजवळ हप्ता नव्हता आणि तसं तोंडावर सांगायचा धीर तर मुळीच नव्हता. तो मशीनवर तसाच बसून राहिला. थोडा वेळ ठोठावून छत्रीवाला जिना उतरला. एवढं सोपं असतं हे, असं शिंप्याला वाटलं, आणि त्या सोपेपणानेच त्याचा घात केला.

कारण पुढे घराची ती रीतच होऊन बसली. टकटक झाली की मशीन बंद, नळ बंद, बोलणं बंद. बिजागऱ्यांना तेल, खुर्च्यांच्या पायांना चिंध्या. शिंप्याची बायको दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला असायची, त्यामुळे या रीतीत सगळ्यात तयार झाली ती त्यांची मुलगी. तिला घरात भोंगा म्हणत. जन्मली तेव्हा अशी रडली होती, की सुईणबाई म्हणाल्या, "आता गावाला वेगळा भोंगा नको." शाळेतून आली की तळमजल्यावरूनच तिची वर्दी वर पोचायची. त्या भोंग्याला शिंप्याने गप्प राहायला शिकवलं. खोकला आला तर दातांत चिंधी धरायची, हेही शिकवलं.

एकदा छत्रीवाल्याने दाराबाहेरून गोड आवाज काढला. "बेटा, मी बाबांचा मित्र. दार उघड, खाऊ आणलाय." भोंगा कडीपर्यंत पोचलीसुद्धा होती. शिंप्याने तिला मागच्या मागे उचललं. छत्रीवाला गेल्यावर त्याने तिला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघ, बाहेरून कुणीही काहीही म्हणू दे. अगदी माझ्या आवाजात हाक आली ना, तरी ओ द्यायची नाही. मी असेन तर माझ्याजवळ किल्ली असेल. किल्ली नाही तो मी नाही. कळलं?"

"आणि तो अगदी तुझ्यासारखाच बोलला तर?"

"तरी नाही."

भोंग्याने मान हलवली. शहाणं लेकरू, एकदा सांगितलेलं विसरत नसे.

असे बरेच महिने गेले. मशीन मधेच थांबलं आणि घाईत सुरू केलं की चाक थोडं उलटं फिरतं, कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. शिंप्याच्या प्रत्येक कपड्यात आता कुठे ना कुठे तसं एक जाळं असायचं. गिऱ्हाइकं कुरकुरायची. "मास्तर, हात म्हातारा झाला वाटतं तुमचा!" तो हसून ते उसवायचा आणि पुन्हा शिवायचा.

एका दुपारी त्याला दाराबाहेर, खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या पोरांची कुजबुज ऐकू आली. मग बोटाच्या पेराने हलकेच टकटक. सवयीने त्याचा पाय थांबला.

"बघितलंस? थांबलं!" एक पोरगं म्हणालं. "सांगितलं नव्हतं तुला? आत माणूसच नाहीये. भूत शिवतं. दार वाजवलं की गप्प होतं."

"खोटं. कुणीतरी राहतं इथे."

"मग दार का उघडत नाहीत कधी?"

तेवढ्यात पायऱ्यांवरून भोंग्याचा आवाज आला. शाळेतून ती आत्ताच येत होती. "नाही राहत इथे कुणी," ती हळूच म्हणाली. "मी तर वर गच्चीवर चाललेय."

आणि तिची पावलं खरंच दारावरून पुढे, वर गेली. पोरं पांगल्यावरच ती खाली आली. त्या दुपारी शिंप्याने भिंतीवरच्या, दुकानातून आणलेल्या मोठ्या आरशात दोनदा स्वतःला पाहिलं.

मग तो दिवस आला. भोंग्याला खोकला होता, म्हणून ती शाळेला गेली नव्हती. शिंप्याचा पांढरा दोरा संपला. "आलोच," म्हणून तो खाली कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप त्याने मागे ओढून घेतलं. दोरा घेऊन वर आला, खिशात हात घातला, तर खिशात किल्ली नव्हती. ती मशीनच्या खणात राहिली होती.

त्याने दार वाजवलं. आतली चाहूल थांबली.

"भोंग्या, मी आहे गं. किल्ली विसरलो."

आत शांतता. त्याच्या ओळखीचीच शांतता. त्यानेच शिवलेली, एकही टाका न सुटलेली.

"अगं, मी बाबा. उघड."

त्याने तिला सगळं सांगून पाहिलं. सुईणबाईंचा किस्सा सांगितला. तिच्या फ्रॉकच्या आतल्या बाजूला शिवलेला चोरखिसा सांगितला, त्यात ठेवलेलं निळं बटण सांगितलं. जे जे फक्त बापाला ठाऊक ते ते सांगितलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की आपण जितकं खरं बोलतोय तितका आपला आवाज त्या गोड बोलणाऱ्या छत्रीवाल्यासारखा होत चाललाय. आत एक दबका आवाज झाला. चिंधीत खोकल्याचा. मग तोही थांबला, आणि फार वेळ काहीच ऐकू येईना.

शिंप्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं. समोरच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं झालं आणि मिटलं. तो दाराला पाठ लावून खाली बसला आणि रडला. दोऱ्याचं रीळ घरंगळत जिन्यावरून खाली गेलं, तरी तो उठला नाही.

कामावरून बायको आली तेव्हा जिन्यात अंधारून आलं होतं. "अहो, असे काय बसलात?" एवढं बोलून तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता आपल्या किल्लीने दार उघडलं.

भोंगा मशीनखाली बसली होती. दातांत चिंधी, चेहरा लालबुंद. आईला पाहून तिने चिंधी काढली, बापाकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "तो गेला?"

"कोण गं?"

"तुझ्या आवाजाचा माणूस. बाबा, तो किती वेळ होता! त्याला माझं बटणपण माहीत होतं. शेवटी तर रडायला लागला." ती थोडी ताठ बसली. "तरी मी नाही बोलले."

ती शाबासकीची वाट पाहत होती.

"तो मीच होतो, बाळा," शिंपी म्हणाला.

भोंग्याने मान हलवली, पण पटलं म्हणून नव्हे. समजावणाऱ्या सुरात म्हणाली, "पण त्याच्याकडे किल्ली नव्हती."

त्या संध्याकाळी शिंप्याने बायकोला कर्जाचा खरा आकडा सांगितला. आजवर त्याने तो अर्धाच सांगितला होता. ती म्हणाली, "मला वाटायचं, मी घरात शिरले की तुम्ही पैशांच्या काळजीने गप्प बसता. तुम्ही तर आकड्याला घाबरून माझ्यापासूनसुद्धा लपत होता. आरसा विका तो. आणि इस्पितळाच्या चादरींना टीप मारायचं काम मी आणते, रोजचं. पण दार उघडायचं तुम्ही."

पुढच्या वेळी छत्रीची मूठ दारावर पडली तेव्हा शिंप्याचा पाय थांबला. त्याने तो पायडलवरून उचलला, उठला आणि दार उघडलं. छत्रीवाला इतका दचकला की एक पायरी मागे सरला.

"आहात होय तुम्ही!" तो म्हणाला. "खरं सांगू मास्तर, मलासुद्धा शंका यायला लागली होती. ती खालची पोरं काय काय सांगतात."

"या, आत बसा. पूर्ण हप्ता नाहीये माझ्याकडे. हे एवढे आहेत. दर आठवड्याला एवढेच देईन, पण देईन. आणि याद राखा, माझ्या मुलीशी पुन्हा गोड बोलायचं नाही."

छत्रीवाल्याने पैसे घेतले, मान खाली घातली आणि पाणी मागितलं. भोंगा आतल्या खोलीच्या दाराआडून पाहत होती. तो गेल्यावर तिने विचारलं, "सगळे पैसे दिले की हा येणार नाही ना?"

"नाही."

"आणि तो दुसरा? तुझ्या आवाजाचा?"

"तोही नाही," शिंपी म्हणाला. त्यानंतर कंबर मोडेपर्यंत चादरी शिवताना, कधी हात आखडला, आठवडा चुकवावासा वाटला, तर त्याला छत्रीवाला आठवत नसे. दाराबाहेर बसून रडणारा तो दुसरा आठवे, आणि पाय पुन्हा चालू लागे.

त्याने दाराला भोंग्याच्या उंचीवर साखळी बसवली. आधी ‘कोण’ म्हणून मोठ्याने विचारायचं, मग फटीतून बघायचं, मगच ठरवायचं. असं त्याने तिला सावकाश, पुन्हा पुन्हा शिकवलं. आणि ती व तिची आई घरी असल्या की तो बाहेर जाताना मुद्दाम किल्ली मशीनच्या खणात ठेवू लागला. परत आला की दार वाजवायचा आणि थांबायचा. आत पावलं थांबायची. मग दार आईच उघडायची. किती तरी आठवडे असेच गेले. कर्ज फिटत होतं, पण आतून आवाज येत नव्हता.

एका संध्याकाळी बगलेत चादरींचा गठ्ठा घेऊन तो उभा होता. दार वाजवलं. आत कुठेतरी बायकोची चाहूल लागली आणि कुणीतरी तिला थांबवल्यासारखी ती थबकली.

"कोण?"

आवाज एवढा मोठा होता की खालच्या मजल्यावरची पोरं गप्प झाली.

"मी."

"मी कोण?"

"भोंग्याचा बाप."

दार फटीएवढं उघडलं. साखळीवर एक डोळा आला. त्या डोळ्याने त्याला पायांपासून केसांपर्यंत पाहिलं, गठ्ठा पाहिला, रिकामे हात पाहिले. मग दार पुन्हा मिटलं.

शिंपी हलला नाही. आत साखळी खुळखुळली.