टाकीच्या झाकणावरची रांगोळी

१९७८ साली, तुळशीचं लग्न लागल्यानंतर, भास्करराव माशांच्या टाकीत राहायला गेले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. टाकी त्यांनीच हौसेनं आणून बैठकीच्या खोलीत ठेवलेली, आत तीन सोनमासे. ते धोतर-चष्म्यासकट उतरले आणि वीतभर उंचीचे होऊन गोट्यांवर मांडी घालून बसले.

"सगळे निवृत्त झाले की पारावर बसतात," त्यांची बहीण अंबूवन्सं म्हणाल्या. "आमचा दादा पाण्यात बसला."

द्वारकाबाईंनी कुरकुर केली नाही. नवरा डोळ्यांसमोर होता. त्याचं बोलणं बुडबुड्यांतून वर यायचं आणि बुडबुडा फुटला की ऐकू यायचं. त्या झाकण उचलून कान लावायच्या. नवरा राहतो तिथे दार आलं, दार आलं की उंबरा आला. म्हणून त्या रोज सकाळी टाकीच्या लाकडी झाकणावर रांगोळी काढू लागल्या. माहेरची, धारवाडकडची: आधी ठिपके, मग त्यांना वळसे घालत जाणारी रेघ. थोडी फटीतून पाण्यात पडायचीच.

माघात काचेला आतून तपकिरी शेवाळ धरलं. द्वारकाबाईंनी हात घालून ते पुसलं, ते पुन्हा धरलं. मग पितळेची भांडी घासायच्या तशी चिमूटभर रांगोळी घेऊन काच घासली, तर ते अधिकच दाट झालं. भास्करराव आतून धोतराच्या सोग्यानं पुसत होते. पुढे शेवाळ खिडक्यांच्या काचांवर आलं, मग आरशावर. रस्ता दिसेनासा झाला. आणि माणसं भास्कररावांविषयी बोलताना 'होते' म्हणू लागली. दूधवाला म्हणाला, साहेबांना म्हशीचंच दूध लागायचं. द्वारकाबाई म्हणाल्या, अजूनही लागतं. त्यानं मान खाली घालून दूध ओतलं.

वन्सं मासेवाल्याला विचारून आल्या. उजेड कमी असला आणि पाण्यात दगडाचं पीठ गेलं की हे शेवाळ माजतं म्हणे. आणि रांगोळी म्हणजे दुसरं काय?

"वहिनी, रांगोळी बंद करा."

"ती कुठल्या दारापुढे बंद असते, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

वन्सं स्वयंपाकघरात निघून गेल्या. सुतक त्या घरात कुणालाच नको होतं.

रांगोळी काढली तर ते दिसेनासे होणार, नाही काढली तर ते गेले असं होणार. द्वारकाबाई रांगोळीचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. काचेवर तळहाताएवढीच जागा स्वच्छ उरली होती, आणि ती बारीक होत चालली होती. तेवढ्यात एक बुडबुडा वर आला. त्यांनी झाकण उचललं.

"द्वारके, ठिपके मी देतो."

काचेच्या आतल्या बाजूनं, तपकिरी शेवाळात, बोटानं टिपलेले ठिपके उमटू लागले. नकाशे काढणाऱ्या माणसाचे, एका ओळीत, सारख्या अंतरावर. द्वारकाबाईंनी डबा बंद केला, पदर खोचला आणि रेघ ओढायला बांगड्यांसकट हात पाण्यात घातला. दंड गेला, खांदा गेला. वन्सं स्वयंपाकघरातून येईपर्यंत झाकण मिटलेलं होतं.

सोनमासे पुढच्या काही वर्षांत एकामागून एक गेले. वन्संनी त्यांना तगरीखाली पुरलं. दूधवाल्यानं गोठा मोडला आणि तो मुलाकडे राहायला गेला. अंबूवन्सं आता खूप थकल्या आहेत, पण राहतात त्याच घरात. दादा-वहिनींविषयी कुणी 'होते' म्हटलं की त्याला चहा विचारत नाहीत. झाकणावर त्या काही काढत नाहीत, तशी गरजच पडली नाही. रोज सकाळी काचेवर आतून ताजी रांगोळी असते, ठिपके एका हाताचे, रेघा दुसऱ्या हाताच्या.

काल सकाळी रेघा होत्या, ठिपके नव्हते. रेघा मात्र जिथे वळायच्या तिथेच वळल्या होत्या.