छेदातली एक

बाईंनी आलेखाच्या कागदावर डावीकडचा पहिला खांब रंगवला. शून्य ते नऊ गुण, विद्यार्थी एक. खांब कसला, एका चौकटीचा ठिपकाच. त्याच्या उजवीकडे दोन रकाने कोरे, आणि मग कुठे बाकीचे एकोणीस जण दाटीवाटीने उभे.

मुख्याध्यापक टेबलापलीकडून वाकून बघत होते.

"सरासरी?"

"एकोणचाळीस. बेरीज सातशे ऐंशी, मुलं वीस."

"म्हणजे गेली शाळा."

वरच्या कचेरीचं पत्र टेबलाच्या काचेखालीच होतं. सातवीच्या गणिताची सरासरी सलग तिसऱ्या वर्षी चाळीसच्या खाली राहिली, तर शाळा बंद आणि मुलं आठ किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत. त्यांतली किती खरोखर जातील, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सर, आपण मध्यक पाठवू या," बाई म्हणाल्या. "गुण ओळीने लावले की मधला येतो चव्वेचाळीस. वर्ग खरा तिथे आहे. हे एक शून्य सगळ्यांना खाली ओढतंय."

"त्यांच्या तक्त्यात मध्यकाला रकाना नाही, बाई."

"मग हिला थोडे गुण..."

"थोडे नाही, वीस लागतील. आणि पेपर फेरतपासणीला जातात." सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, बराच वेळ पुसला. "गैरहजराचा पेपर नसतो. त्याला छेदातही धरत नाहीत."

बाईंचा हात सवयीने चालला. सातशे ऐंशी भागिले एकोणीस. एकेचाळीस आणि वर थोडं.

त्यांनी गठ्ठ्यातून तो पेपर ओढून काढला. पोरीने सगळे प्रश्न वळणदार अक्षरात उतरवून काढले होते आणि प्रत्येकाखाली उत्तराला चार-चार ओळी सोडल्या होत्या. आईचं मनगट कामातून गेल्यापासून ती वर्षभर इस्त्रीच्या दुकानात आईच्या जागी उभी होती. बाईच तिच्या दारात गेल्या होत्या. "नुसती येऊन बस. परीक्षेला बसलीस की पटावरचं नाव टिकतं," असं त्यांनीच सांगितलं होतं. पोरगी आली, आणि शेवटची घंटा होईपर्यंत तीन तास बसली.

"तिचं नाव कापलं जाईल, सर. वर्षभर नाही, परीक्षेलाही नाही."

"नाही तरी ती येणार आहे का?" सरांचा आवाज चढला नाही. "एकीपायी सगळ्यांवर पाणी सोडायचं का, ते तुम्ही ठरवा. तुम्ही लिहाल त्याच्यावर मी सही करतो."

बाईंनी गुणांच्या रकान्यात 'गै. ह.' लिहिलं. पेपराची घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवली. मग नवा आलेख काढला. तो तिसापासून सुरू झाला आणि फार नेटका दिसला.

महिन्याने मंजुरीचं पत्र आलं. सरांनी सगळ्यांना चहा दिला. वर्षभरात ते पहिल्यांदाच हसले. बाईंनी कप तसाच ठेवला आणि त्या इस्त्रीच्या दुकानाकडे निघाल्या.

नाव परत घ्यायला एकच वाट होती. आपण खोटं लिहिलं, असं लिहून द्यायचं. म्हणजे छेद पुन्हा वीस. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली, आणि दारात पाय ठेवताच ती सगळी सांडली.

"बसा ना, बाई." पोरीने स्टुलावरचे शर्ट उचलले.

"अगं, तुझं नाव..."

"कळलं मला. यादीत गैरहजर लागलंय." तिने कॉलरवर इस्त्री दाबली. "बरं केलंत, बाई. पेपर दिल्यापासून झोप नव्हती मला. म्हटलं, माझ्या भोपळ्यापायी सगळ्यांची शाळा जायची. मी यायलाच नको होतं."

"तसं नाही गं."

"तुम्ही सांभाळून घेतलंत."

आतून आईची हाक आली. "बाई आल्यात का? धाकटीचं नाव घालायचंय म्हणावं. शाळा राहिलीच आहे, तर."

पोरीने फळीवरून फॉर्म काढला. "आणून ठेवलाय मी. तुम्हीच भरा, चुकायला नको."

बाईंनी मांडीवर पिशवी घेऊन तिच्यावर कागद ठेवला. पोरगी सांगत गेली, त्या लिहीत गेल्या. नाव, जन्मतारीख, पत्ता. शेवटच्या ओळीत विचारलं होतं : 'या शाळेत शिकत असलेली सख्खी भावंडं.' तिथे पेन थांबलं.

पोरगी वाकली. तिने ती ओळ वाचली.

"तिथं रेघ मारा, बाई," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट पसरला.