चाकापुढचे दगड

लंकाबाई भित्री आहे हे माहेरच्यांना ती रांगायच्या आधीपासून ठाऊक होतं, सासरच्यांना लग्नानंतर आठवड्यात कळलं आणि भिंगारच्या अजीज मिस्त्रीला पाचव्या मिनिटाला कळलं. त्याच्या गॅरेजात लष्कराच्या लिलावातून आणलेल्या तीन जुन्या गाड्या उभ्या होत्या आणि ही बाई त्यांच्यापासून दहा हात लांब, पदराचं टोक दातात धरून उभी.

बायकांना कोणी गाडी निवडायला नेत नाही. पण लंकाबाईला त्या गाडीत राहायचं होतं. तिचा नवरा कानिफनाथ इंजिन फिटर. बहात्तरच्या दुष्काळात जिल्हाभर तलावांची न् रस्त्यांची कामं निघाली होती. तिथले कॉम्प्रेसर आणि पाण्याची इंजिनं सारखी बंद पडत, मग आठ दिवस इथं तर पंधरा दिवस तिथं, असं त्याला फिरावं लागे. मागे भिंगारच्या खोलीत बायको आणि अर्ध्या अंगावरून वारं गेलेली म्हातारी आई, गोजरबाई. तिला उठवायला-बसवायला दोन माणसं लागत, एकट्या लंकाबाईच्यानं ते होत नव्हतं. तेव्हा कानिफनाथनं ठरवलं, घरच चाकावर घ्यायचं. गल्लीतले लोक हसले. हसणाऱ्यांपैकी म्हातारीला उचलायला एकजणही येत नव्हता, ते सोडा.

"राहायचं तुला हाय, तूच बोट दाखव," कानिफनाथ म्हणाला.

पहिली गाडी बसएवढी लांब, तिच्यात दोन खाटा टाकून फेर धरता आला असता. दुसरी मध्यम, बटन दाबलं की चालू होणारी. तिसरी मात्र अगदी छोटी, जवानांना दवाखान्यात न्यायची जुनी अँब्युलन्स. तिचं मूळ इंजिन काढून अजीजनं कुठलंसं डिझेल इंजिन बसवलं होतं.

"पेट्रोल कंच्या कंच्यात हाय?" लंकाबाईनं लांबूनच विचारलं. तिची आत्या स्टोच्या भडक्यात गेली होती. लंकाबाई तेव्हा नऊ वर्षांची होती आणि दारात उभी होती.

"पयल्या दोन्हीत," अजीज म्हणाला. "ह्या छोटीत डिझेल. जळती काडी टाका बाई, काडी विझंल, डिझेल पेटायचं न्हाई."

"मंग हीच घ्या," लंकाबाई म्हणाली.

अजीज सच्चा माणूस. त्यानं गाडीचे अवगुण आपणहून सांगितले. बॅटरी उभारीची नाही, त्यामुळे गाडी कायम उतारावर लावायची, म्हणजे सोडली की घरंगळत चालू होते. हातब्रेकची तार गेलेली. इंजिन झिजलंय, गिअरमध्ये ठेवली तरी उतारावर हळूहळू सरकते, म्हणून चाकापुढं दगड हवेच. "आन हिला पेट्रोलगत ठिणगी लागत न्हाई. चावी खिशात आसली तरी चाकं फिरली की चालू. बंद करायची तर ही दांडी वडायची." कानिफनाथ हे सगळं पोटातूनच शिकून आल्यासारखा मान हलवत होता. लंकाबाईनं त्यातलं काहीच ऐकलं नाही. आग नाही म्हटल्यावर तिचं काम झालं होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते पुढं.

संसार आठ पावलांत मावला. दोन बाजूंना दोन फळ्या, डावीवर गोजरबाई, उजवीवर नवरा-बायको, म्हणजे एकजण फळीवर न् एकजण खाली. गोजरबाईचं डोकं ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्याला, तिथं हात जाईल एवढी एक खिडकी. मागच्या दाराला कडी फक्त बाहेरून. आतून कडी बसवतो, असं कानिफनाथ दर रविवारी म्हणायचा.

लंकाबाई त्या गाडीत एक दिवस सुखानं राहिली नाही. आधी तिला त्या फळीवर मेलेल्या जवानांचं भ्या वाटलं.

"मेल्येलं मानूस काय करतंय?" गोजरबाई म्हणाली. म्हातारीचं अर्धं अंग गेलं होतं, पण जीभ पुरी शाबूत होती. "भ्यायचं आसंल तर जित्याला भी."

मग जवानांचं भ्या सरलं न् उताराचं लागलं. गाडी नेहमी नाकावर झुकलेली. पाण्याची कळशी सरकायची, ताटलीतलं कालवण एका कडेला जमायचं. झोपेत आपण सगळे घरंगळत चाललोय असं तिला वाटायचं आणि ती दचकून उठायची. दिवस उगवला की मागच्या चाकांपुढचे दोन दगड बघायचे, दिवस मावळला की बघायचे, हे तिचं देवपूजेसारखं झालं होतं. दगडही साधे नव्हते. अजीजच्या गॅरेजातून उचललेले, काळे, चौकोनी, कानिफनाथ ते गाडीबरोबरच घेऊन हिंडायचा.

"एका दगडानं गाडी थांबतीय," तो हसून म्हणायचा. "दुसरा तुझ्या भ्यासाठी ठेवलाय."

वैशाखात ते पाथर्डीच्या अलीकडं एका पाझर तलावाच्या कामावर आले. वर माळ, माळावर खडी फोडणारी दीडएकशे माणसं, खाली सुरुंग लावून खोदलेला चर, दोन पुरुष खोल. जिथं उतार तिथं गाडी, त्यामुळे गाडीचं तोंड चराकडं. मध्ये साठ-सत्तर पावलांचं अंतर. लंकाबाईनं नवऱ्याला दुसरी जागा बघायला सांगितली. दुसरीकडं उतार नव्हता.

त्या माळावर एक गोष्ट बाहेरच्याला पटायची नाही. दगडांच्या कामावर दगड मिळत नव्हता. हाताला येईल तो धोंडा बायका फोडून टाकायच्या, कारण खडीचं माप भरल्याशिवाय हजेरी लागत नसे. पायाखाली जिकडंतिकडं खडी, पण ढुंगण टेकायला एक अखंड दगड नाही. चुलीचे दगड लोक उशाला घेऊन झोपत.

त्या सकाळी लंकाबाईचं डोकं फिरलं होतं. म्हातारीचं अंथरूण दोनदा बदलावं लागलं, धुवायला पाणी नव्हतं, पत्रा तापलेला. तिसऱ्यांदा "लंके" अशी हाक आली तेव्हा ती ओरडली, "एकदाची सुटका होऊ द्या माजी! तुमची तरी न्हाईतर माजी तरी!"

गोजरबाई काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे काहीतरी चुकलं, हे लंकाबाईला कळलं. पण माफी मागायची रीत त्या घरात नव्हती. त्यापेक्षा म्हातारीला आवडते तशी पातळ, कडक भाकर करून घालावी, असं तिनं मनात धरलं.

दुपारी कानिफनाथ दोघींना गाडीत घेऊनच डिझेल आणून परतला. कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून मुकादम हाका मारत होता. त्यानं गाडी उतारावर लावली, गिअरमध्ये टाकली, इंजिन बंद केलं आणि दांडी परत आत सारली, म्हणजे निघताना खोळंबा नको. दोन दगड चाकांपुढं नुसते टेकवले आणि तो बांधापलीकडं पळाला.

लंकाबाई वीस पावलांवर चुलीशी बसली. स्टो गाडीत आणायचा नाही ही तिचीच अट, त्यामुळे स्वयंपाक उघड्यावर. जाळ धरला न् फट्‌दिशी चुलीचा एक दगड तापून उकलला. तवा कलंडला. तिनं माळभर नजर टाकली. सगळी खडी.

मग तिची नजर गाडीच्या डाव्या चाकाकडं गेली. एका दगडानं गाडी थांबतीय, दुसरा तुझ्या भ्यासाठी. नवऱ्याचं वाक्य तिला आठवलं आणि पहिल्यांदाच धीराचं वाटलं. अर्ध्या घटकेचा तर प्रश्न. तिनं डावा दगड उचलला आणि चुलीला लावला. उजव्या बाजूला जाऊन बघायचं मात्र तिला सुचलं नाही. रोज दोनदा बघणारी बाई, नेमकी त्या वेळी तिनं बघितलं नाही.

उजवीकडचा दगड तिच्या आधीच गेला होता. छबूबाई नावाच्या बाईचं माप टोपलीभर कमी पडत होतं. तिला गाडीपाशी एक सुरेख अखंड धोंडा दिसला आणि तिनं तो नेऊन फोडला.

दुसरी भाकर तव्यावर पडली तेव्हा गाडीतून 'ठक' असा आवाज आला. लंकाबाईनं वर पाहिलं. गाडी जागेवरच होती. तिला वाटलं, म्हातारीच्या हातून तांब्या पडला. तिनं भाकर उलटली. पुन्हा 'ठक'. आता तिनं पाहिलं तर गाडीच्या टपावर मघाशी बाभळीची सावली होती, तिथं ऊन होतं.

इंजिनाच्या एकेका ठोक्यानिशी गाडी सरकत होती. ती वाकून गाडीखालून पलीकडं बघते तर उजव्या चाकापुढं काही नाही.

तिनं तवा भिरकावला, चुलीतला तोच दगड दोन्ही हातांनी उपसला आणि ती धावली. दगड जाळातला होता, हे तिच्या हातांना कळलं पण डोक्यापर्यंत पोचलं नाही. तिनं तो डाव्या चाकापुढं टाकला. तेवढ्यात गाडीला मोठा हिसका बसला, मागून काळा धूर निघाला आणि इंजिन धडधडून चालू झालं. गाडीत ड्रायव्हर नाही, चावी कानिफनाथच्या खिशात, आणि गाडी आपली आपण निघाली. चाकानं दगड फोडून बाजूला लोटला. मागचं दार बाहेरून बंद, आत म्हातारी.

लंकाबाई किंचाळत गाडीच्या बाजूनं धावली. एकदा पुढच्या दाराची मूठ हातातून निसटली. दुसऱ्यांदा दार उघडलं आणि ती कशीबशी आत पडली. समोरच्या काचेत नुसता चर दिसत होता. अजीजनं दाखवलेली ती दांडी तिनं आजवर बोटानंसुद्धा शिवली नव्हती. ती तिनं सगळ्या अंगानिशी ओढली. इंजिन विझलं, पण गाडी सरकतच होती. नवरा पायानं काय दाबतो ते तिनं कितीदा पाहिलं होतं. तिनं दोन्ही पाय त्यावर रोवले.

गाडी थांबली. चर चार हातांवर होता.

ब्रेक मऊ होता. पायाखाली तो तीळ तीळ खाली जात होता, आणि तिनं जोर लावला की तेवढ्यापुरता थांबत होता. बांधापलीकडं कॉम्प्रेसर नुकताच सुरू झाला होता, त्या आवाजात कानिफनाथला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

खडी फोडणाऱ्या बायका धावत आल्या. "दगड आना! चाकाला दगड आना गं!" एकजण ओरडली. सगळ्या माळावर बघायला लागल्या. दगड नव्हता. लोकांच्या चुली लांब खोपटांत, लंकाबाईच्या चुलीतले उरलेले दगड हात लावू देत नव्हते. चाकाखाली गेलेला दगड दोन तुकडे होऊन मागं पडला होता.

"म्या फोडला, माय, ह्या हातानं फोडला," म्हणून छबूबाईनं कपाळ बडवून घेतलं. मग तीच वळली, आपल्या ढिगातून टोपली भरून आणली आणि चाकापुढं ओतली. ते बघून बाकीच्याही आपापल्या ढिगांकडं पळाल्या.

"आत्या," लंकाबाईनं मान न वळवता सासूला हाक मारली. "आत्या, भिऊ नका. मी धरलीय गाडी."

"मी न्हाई भीत," खिडकीतून आवाज आला, अगदी शांत. "तू कशापायी आत आलीस?"

"आसं काय बोलताय?"

"पडल्या पडल्या मला दुसरं काय काम हाय? सगळं ऐकती. आदी एक दगड गेला. मंग तुझ्या बांगड्या वाजल्या न् दुसरा गेला. मंग गाडी सरकली. म्हनलं, कट्टाळली पोर. सकाळी बोललीच हुतीस."

लंकाबाईचा पाय सैल पडला. ब्रेक आणखी खाली गेला.

"मंग वरडला का न्हाई? आत्या, वरडला का न्हाई तुमी?"

"कशाला वरडू? माजंबी देवाकडं तेच मागनं हुतं. तुझ्यावर आळ येऊ न्हाई म्हून गप पडले. तू उतर, लंके. पाय काढ न् उडी टाक."

"चुलीला नेला मी दगड!" लंकाबाई अशी ओरडली की बाहेरच्या बायका टोपल्या धरून थबकल्या. "चुलीला नेला! तुमची भाकर भाजत हुते मी! कडक भाकर!"

बाहेर खडी ओतल्याचा सर्र सर्र आवाज. एक टोपली, दुसरी, दहावी. मग खिडकीतून एक सुकलेला हात आला, म्हातारीचा धड हात, आणि त्यानं लंकाबाईच्या खांद्यावरचा पदर मुठीत घट्ट धरला.

कोणीतरी बोलावल्यावर कानिफनाथ धावत आला. चाकांपुढं मांडीएवढी खडी झाली होती, दीडएकशे माणसांच्या त्या दिवशीच्या मापातून काढलेली. त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं आणि तो दारात आला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"लंके, काढ पाय. आता न्हाई हलायची."

लंकाबाईचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि तो का असावा?

"आत्या," तिनं विचारलं, "काढू?"

म्हातारीनं मुठीतला पदर आणखी आवळला.

"काढ," गोजरबाई म्हणाली.

लंकाबाईनं पाय उचलला. खडी करकरली, गाडी बोटभर खचली आणि राहिली. खांद्यावरची मूठ सुटली नाही, तशीच राहिली. तेव्हा कुठं लंकाबाईनं आपले हात बघितले. दोन्ही तळवे भाजून निघाले होते.